सडक वर आली, घरं खाली गेली

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने विषय वाटले तेव्हा कुणाला बोअरचं पाणी मिळालं, कुणाला गणेशोत्सव, कुणाला मंदिराची उभारणी. माझ्या वाट्याला रस्ता आला. सारी नोकरी रस्त्यांच्या कामावर गेल्यामुळे "साहेब, सडकेचं तुमीच लिवा" असा आग्रह झाला आणि तो मोडवेना. रस्त्यावर काय लिहायचं, असं काहींना वाटेल. पण आपल्या तीन गल्ल्यांच्या रस्त्यात पंचवीस वर्षांचे थर एकावर एक बसलेले आहेत, आणि येत्या सर्वसाधारण सभेत त्यावर सिमेंटचा आणखी एक थर टाकण्याचा विषय आहे. हात वर करण्याआधी खाली काय आहे, ते प्रत्येक सभासदाला ठाऊक असलेलं बरं. म्हणून हा इतिहास जरा मागून सांगतो.

सडक, गुत्तेदार आणि डांबर

आपल्याकडची जुनी माणसं अजूनही रस्त्याला सडक म्हणतात आणि ठेकेदाराला गुत्तेदार. हे शब्द निजामी राजवटीतले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पण शब्द राहिले. या संस्थानात जून १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली. निजामाच्या रेल्वेखात्यानेच ती चालवायला घेतली, २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्या बळावर. तिकडे मुंबई राज्यात पुणे-नगर ही पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी.

बस आली की रस्ता टिकवण्याचा प्रश्न आलाच. तोवरच्या सडका खडीच्या. मोठी खडी पसरायची, तिच्यावर बारीक खडी आणि मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. ही पद्धत स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमच्या नावाने ओळखली जाते. त्याचं सांगणं एवढंच होतं की दगड लहान आणि कोनेरी हवा, म्हणजे एकमेकांत रुतून बसतो. आणि रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच व कोरडा हवा. बैलगाडी, टांगा यांना ही सडक पुरायची. मोटारीचं रबरी चाक मात्र वेगाने जाताना खडीमधली भुकटी शोषून उडवतं. भुकटी गेली की खडी सुटी होते. धूळ बसवायला काहीतरी चिकट हवं होतं, आणि तिथे डांबर आलं.

डांबर या शब्दातच एक गंमत आहे. कपाटात आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. त्या निघतात कोळशाच्या डांबरातून. दिव्याचा गॅस करण्यासाठी कोळसा भाजला की जो काळा, घाण वासाचा चिकटा उरायचा, ते मूळचं डांबर. १९०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडगर हूली नावाच्या सर्वेक्षकाला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक गुळगुळीत तुकडा दिसला. चौकशी केली तर कळलं, डांबराचं पिंप सांडलं होतं आणि ते झाकायला कुणीतरी त्यावर कारखान्यातली मळी टाकली होती. त्यावरून त्याने मळी आणि डांबर मिसळण्याची रीत बसवली आणि १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

म्हणजे बघा, ज्याला आपण पहिला डांबरी रस्ता म्हणतो, तो दोन कारखान्यांच्या दोन टाकाऊ वस्तूंचा होता. आज आपण वापरतो ते डांबर कोळशाचं नाही, खनिज तेलाचं. पण तेही तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरलेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रस्त्यांचा पैसा कुठून आणायचा यावर विचार करायला १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, ही त्यांची शिफारस. त्यातून केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. खडी किती, डांबर किती, थर किती हे सांगणारी पुस्तकं आजही तीच संस्था काढते. १९४३ च्या नागपूर योजनेत राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरंड ठरली. आपण सगळे या उतरंडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. कॉलनीच्या आतला रस्ता कुठल्याच योजनेच्या नकाशात ठळक नसतो.

बहात्तरची खडी

बीड जिल्ह्याच्या रस्त्यांचा इतिहास कागदावर शोधण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांच्या तळहातावर शोधावा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात गेली आणि गावच्या गाव दुष्काळी कामावर गेलं. पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यात जास्त खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

माझी आई खडी फोडायला जायची. मोठा दगड पुढ्यात घ्यायचा, हातोडीने फोडायचा, ठरल्या मापाची खडी बाजूला रचायची. मोजणी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. ढीग मापाला कमी पडला की मजुरी कमी. कपचा उडून डोळ्यात जायचा म्हणून बाया पदर पुढे ओढून बसायच्या. दुपारी मुलांना सुकडी मिळायची. घरी मिलोच्या लाल भाकरी. त्या खडीतली किती रस्त्यांवर पसरली आणि किती वर्षानुवर्षं ढिगाऱ्यातच पडून राहिली, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक खेड्याने पाहिलं. पण आज ज्या कितीतरी डांबरी रस्त्यांवरून आपण गाडी पळवतो, त्यांच्या पोटात ती बहात्तरची खडी आहे. याच कामांच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

हे सांगण्याचं कारण एकच. खडी ही फुकट आलेली वस्तू नाही. डोंगर फोडावा लागतो. तेव्हा माणसं फोडत होती, आता क्रशर फोडतो, पण बालाघाटाचा डोंगर तोच आहे आणि तो वाढत नाही.

लोखंडी धाव, काळी माती आणि मैलकुली

मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्या भागात रस्त्याचा सगळ्यात मोठा वैरी ट्रक नव्हता, बैलगाडी होती. तिच्या चाकाला लोखंडी धाव. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या एकामागे एक एकाच चाकोरीने जायच्या आणि खडीचा रस्ता करवतीने कापल्यासारखा कापायच्या. पुढे टायरच्या गाड्या आल्या आणि हा त्रास गेला. मग ट्रक आणि ट्रॅक्टर आले.

दुसरा वैरी काळी माती. गेवराई, माजलगावकडची गंगथडीची जमीन पिकाला सोन्यासारखी, रस्त्याला मात्र अवघड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खालची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होत असेल तर वरचं डांबर किती दिवस धरेल? म्हणून आधी मुरमाची जाड गादी, मग खडी, मग डांबर. आपल्या कॉलनीची जमीनही मूळची शेतजमीनच. एन.ए. झाली म्हणजे मातीने स्वभाव बदलला असं होत नाही.

आणि तिसरा, सगळ्यांचा बाप, म्हणजे पाणी. डांबराला ऊन लागून लागून ते कडक होतं, तडकतं. तडीतून पाणी आत शिरतं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने खडीवरचं डांबर सोडवतं. एक खडी निघाली की शेजारची सैल होते. आठ दिवसांत घमेल्याएवढा खड्डा. वाहन खड्डा मोठा करतं हे खरं, पण खड्डा पाडतं पाणीच.

याच्यावरचा इलाज जुन्या लोकांना माहीत होता. रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलकुली असायचा. त्याच्याकडे कुदळ, फावडं, पाटी. पावसाळ्याआधी बाजूचे चर उपसायचे, मोऱ्यांतला गाळ काढायचा, साइडपट्टीला उतार द्यायचा, लहान खड्डा लहान असतानाच बुजवायचा, आणि वडाच्या, चिंचेच्या, लिंबाच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. मोठ्या यंत्राचं काम नव्हे, रोज लक्ष ठेवण्याचं काम. ही मैलकुलीची व्यवस्था हळूहळू विरत गेली आणि "खड्डे पडू द्या, मग एकदम वरून डांबर टाकू" ही रीत आली. आपल्या आजच्या अडचणीचं मूळ त्या रीतीत आहे.

पुण्याचा एक रस्ता

डांबरी रस्ता टिकतच नाही, असं आता सगळे म्हणतात. त्यांना पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट सांगावी. १९७३ च्या आसपास पुण्यात पावसाने रस्त्यांची चाळण केली होती. महापालिकेच्या स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला गाठलं. दोघा पारशी भावांची ही कंपनी हॉटमिक्स पद्धतीने रस्ते करायची. शिरोळे यांनी त्यांच्याकडून दहा वर्षांची हमी घेतली, खड्डा पडला तर कंपनीने पदरचे पैसे घालून बुजवायचा. १९७६ मध्ये रस्ता तयार झाला. दहा वर्षं गेली, वीस गेली, त्यापुढेही अनेक वर्षं हा रस्ता पुणेकरांच्या कौतुकाचा विषय राहिला. डांबर तेच, खडी तीच, पाऊसही तोच. फरक कामात होता आणि हमीत होता.

त्याच १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि जगभर भाव भडकले. डांबर तेलाचंच, तेही महागलं. तेव्हा अमेरिकेतल्या रस्तेवाल्यांनी आपल्याच पायाखाली पाहिलं. जुना रस्ता उकरून फेकून देतो, त्यात खडी आहे आणि डांबरही आहे. मग ते नव्यात का मिसळू नये? जुना थर दातेरी यंत्राने खरवडायचा, तो चुरा गरम नव्या मालात ठरावीक प्रमाणात घालायचा, हे तिथे तेव्हापासून सर्रास सुरू झालं. आज डांबरी रस्त्याचा जुना माल तिथे जवळपास वाया जातच नाही.

आपल्या आयाबहिणींना हे नवीन सांगायला नको. काल उरलेल्या भाकरी कुणी टाकत नाही. त्यांचे कुटके करायचे, तेलात कांदा-मिरची परतायची, पाण्याचा हबका मारायचा, आणि शिळी भाकर पुन्हा मऊ होऊन ताटात येते. जुन्या डांबराचंही तसंच. ते उन्हाने कडक झालेलं असतं, संपलेलं नसतं. त्यात थोडं मऊ, ताजं डांबर घातलं की त्याला पुन्हा चिकटपणा येतो. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये या कामाची रीतसर नियमावली काढली. सोलापूर-धुळे महामार्गावर, जो आपण २११ म्हणून ओळखत होतो आणि आता ५२ झाला, तिथल्या किंवा दुसऱ्या एखाद्या महामार्गावर दातेरी पिंपाचं यंत्र रस्ता खरवडून चुरा डंपरमध्ये टाकताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तेच हे.

आपले थर

आता आपल्या दारात येऊ. संस्थेची घरं बांधताना जोता किती उंच घ्यायचा यावर बरीच चर्चा झाली होती. संस्थापक सभासदांपैकी अनेकांनी जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला पूर डोळ्यांनी पाहिला होता. रात्रीतून शहरात शिरलेलं ते पाणी ते विसरले नव्हते. आपण नदीपासून लांब आहोत, तरी जोता चांगला दोन फूट घ्यायचा, असा त्यांचा हट्ट. दोन फूट म्हणजे रस्त्यापासून ओट्यापर्यंत सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या. ज्यांना खर्च झेपत नव्हता त्यांनी दुसरीकडे काटकसर केली, पण जोता दोन फुटांचाच ठेवला.

पहिली दोन वर्षं रस्ता नव्हताच. सभासदांनी वर्गणी काढून मुरमाच्या ट्रिपा टाकल्या. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत जावं लागे आणि एस.टी. डेपोत ड्युटी असलेले आपले सभासद चपला हातात धरून पहाटे निघत. तिसऱ्या वर्षी खडीकरण झालं. खाली न खोदता, आहे त्या मुरमावरच, दोन थर मिळून १५ सेंटिमीटर. सहाव्या वर्षी पहिलं डांबर, खाली बीबीएमचा थर, वर कारपेट आणि सीलकोट, सगळं मिळून साडेसात सेंटिमीटर. त्या दिवशी कॉलनीत पेढे वाटले होते. पोरं रात्री दहापर्यंत त्या काळ्या रस्त्यावर स्केटिंग करत होती.

अकराव्या वर्षी पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता मधोमध खोदला गेला. चर नीट दाबून न भरताच बुजवला. पावसाळ्यात तो खचला, मग समतल करायला वरून ७ सेंटिमीटरचं डांबर आलं. अठराव्या वर्षी आणखी अडीच सेंटिमीटर. गुत्तेदार दर वेळी वेगळा, पण पद्धत तीच, झाडून काढायचं आणि वरून टाकायचं. त्याला तसं करणं सोपं आणि आपल्यालाही रस्ता काळा दिसला की समाधान. प्रत्येक वेळी कुणी तरी म्हणायचंच, "व्वा, सडक झाली बुवा!"

बेरीज करा. ३२ सेंटिमीटर. साडेबारा इंच. माझ्या ओट्याच्या चार पायऱ्यांपैकी खालच्या दोन आता रस्त्यात आहेत. लोखंडी गेट उघडताना घासायला लागलं म्हणून वेल्डरकडून खालून दोनदा कापून घेतलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतलं असणार. मधल्या गल्लीत ज्यांच्या जोत्यात काटकसर झाली, त्यांच्या पोर्चमध्ये आता जोराच्या पावसात पाणी उभं राहतं आणि ते पोत्यात वाळू भरून दारात ठेवतात. घर कुणाचंच खचलेलं नाही. रस्ता वर आला आहे. ज्या पुराच्या भीतीने आपल्या मोठ्यांनी पोटाला चिमटा काढून दोन फूट जोता बांधला, त्यातला निम्मा आपण विकासाच्या नावाखाली स्वतःहून बुजवला.

यात एक गोष्ट आपण बोलत नाही, ती मी बोलतो. शेवटच्या ओळीतली सहा घरं. तिथे घरं उशिरा झाली, म्हणून प्रत्येक यादीतून ती गल्ली सुटत गेली. पंचवीस वर्षांनंतरही तिथे मुरूमच आहे आणि आपल्या उंच झालेल्या गल्ल्यांचं सगळं पाणी उताराने तिकडेच जातं. तिथल्या एक आजी मला मागच्या आषाढात म्हणाल्या, "भाऊ, तुमची सडक जितकी वर जातीय, तितकं आमच्या दारात पाणी वाढतंय." यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून लिहितो.

रस्त्यातली शंभर पिंपं

आपल्या तीन गल्ल्यांची लांबी ४०० मीटर, रुंदी साडेतीन. डांबरी थरांची एकूण जाडी १७ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या पायाखाली सुमारे ५०० टन डांबरी माल पडून आहे. त्यात डांबर तीनच टक्के धरलं तरी १५ टन. एका पिंपात दीडशे किलो धरले तर शंभर पिंपं. ही आपली ठेव आहे आणि बँकेत ठेवल्यासारखी सुरक्षित आहे. फक्त ती काढायची कुणाला सुचलेली नाही.

टाकाऊतून रस्ता करण्यात नवल राहिलेलं नाही. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांचा चुरा गरम खडीवर टाकून तिच्यावर पातळ लेप चढवण्याची रीत शोधली. त्या लेपामुळे पाणी खडीपर्यंत लवकर पोचत नाही. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई-गोवा महामार्गावर पोलाद कारखान्याच्या मळीचा वापर झाला. नागपूरजवळ मनसर बायपासवर डिसेंबर २०२४ मध्ये वनस्पतींपासून काढलेलं डांबर मिसळलेल्या रस्त्याचं उद्घाटन झालं. आणि आपल्याच जिल्ह्यात परळीच्या औष्णिक केंद्राची राख आहे. १९७१ पासून तिथे कोळसा जळतो आहे. केंद्र सरकारने १९९९ मध्ये नियम केला की औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत ही राख वापरावी. पुढे ते अंतर १०० आणि नंतर ३०० किलोमीटर झालं. म्हणजे आपलं बीड त्यात येतंच. रस्त्याच्या भरावात, विटांत, पेव्हिंग ब्लॉकमध्ये ही राख चालते. आपल्या साइडपट्ट्यांना राखेचे ब्लॉक बसवले तर ते घरचंच होईल.

रस्ता वर जाण्याची तक्रार बीडपुरती नाही. तामिळनाडूत हीच ओरड इतकी वाढली की २०२१ मध्ये तिथल्या सरकारने आदेशच काढला: नवा थर टाकण्याआधी जुना तेवढाच खरवडून काढा, रस्त्याची पातळी वाढता कामा नये.

सभेपुढे

आता सिमेंटच्या रस्त्याचा विषय. सिमेंटला माझा विरोध नाही. नीट केलेला सिमेंट रस्ता डांबरापेक्षा जास्त टिकतो, पाण्याला दाद देत नाही. पण प्रस्तावात १० सेंटिमीटरची खालची गादी आणि वर १५ सेंटिमीटर काँक्रीट आहे. एकूण २५. ओट्याच्या उरलेल्या दोन पायऱ्यांची उंची ३०. म्हणजे चार पायऱ्यांच्या घराला पाच सेंटिमीटर, दोन इंच उरतील. आणि डांबर निदान उकरता तरी येतं. सिमेंट एकदा पडलं की ती पातळी आपल्या नातवंडांपर्यंत तशीच राहणार.

म्हणून माझं म्हणणं असं. ठरावात पहिलं वाक्य पातळीचं असावं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या जोत्यापासून रस्त्याची उंची मोजून नोंदवहीत लिहावी आणि काम झाल्यावर ती वाढलेली नसावी, ही अट गुत्तेदाराच्या करारात यावी. त्यासाठी जुने १७ सेंटिमीटर डांबरी थर काढावे लागतील आणि खालची खडीही थोडी छाटावी लागेल. ती पक्की बसलेली खडीच गादीचं काम करेल, म्हणजे वेगळ्या १० सेंटिमीटरची गरज आहे का तेही तपासता येईल. लहान गल्लीत मोठं खरवडयंत्र परवडणार नाही, पण जेसीबीने उन्हाळ्यात हा थर पापुद्र्यासारखा उचलता येतो, हे मी अनेक कामांवर केलेलं आहे.

निघालेला माल ट्रॅक्टरने बाहेर फेकायचा नाही. तो शेवटच्या गल्लीत न्यायचा. ती गल्ली ११० मीटर लांब, ३ मीटर रुंद. आधी तिथला चिखल-मुरूम चार इंच काढायचा, म्हणजे त्या घरांच्या दाराशीही तोच अन्याय होणार नाही. मग हा डांबरी माल बारीक फोडून चार इंच पसरायचा, थोडं डांबराचं इमल्शन मारायचं आणि आपल्या बीडच्या मे महिन्यातल्या उन्हात भरदुपारी रोलर फिरवायचा. ऊन जुन्या डांबराला पुन्हा मऊ करतं आणि माल एकजीव बसतो. हलक्या रहदारीला असा रस्ता अनेक वर्षं पुरतो. याला ७०-८० टन माल लागेल. बाकीचा मंदिरामागचं मैदान आणि पार्किंगला वापरता येईल. म्हणजे ज्या गल्लीला पंचवीस वर्षं डांबर मिळालं नाही, तिला ते आपल्याच रस्त्यातून मिळेल, खर्च फक्त फोडणे, पसरणे आणि रोलरचा.

सिमेंट पडण्याआधी रस्त्याच्या आरपार दर पन्नास मीटरवर मोकळे पाइप टाकून ठेवावेत. उद्या नळाची, केबलची, गॅसची लाइन येईल. तेव्हा रस्ता फोडावा लागू नये. आणि दोन्ही बाजूंना गटार उताराचं हवं, शेवटच्या गल्लीच्या पुढे मोठ्या नाल्यापर्यंत. गटार नसलेला सिमेंट रस्ता म्हणजे पाण्यासाठी बांधलेला कालवा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्त. आपल्याकडे मैलकुली नाही, पण ५६ कुटुंबं आहेत. दर वर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी घरटी एक माणूस फावडं घेऊन बाहेर आला, गटारं उपसली, लहान भेगांत डांबर ओतलं, तर पुढचा थर टाकायची वेळ किती तरी वर्षं पुढे जाते. गणपतीच्या मंडपाला आपण सगळे येतोच, तसं हे.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली. तोवर या शहराचं सगळं येणंजाणं सडकेवरच होतं, आणि रुळावरून उतरल्यावर घरी यायला आजही सडकच लागते. ती घराच्या खाली राहिली तरच घर कोरडं राहतं. सभेची तारीख सूचना फलकावर लावलेली आहे. येताना आपल्या ओट्याच्या किती पायऱ्या उरल्यात, तेवढं मोजून या.